दावं गेलं, खुंटा राहिला

सुंदर गेल्याची बातमी मला तिच्याच गाडीनं आणून दिली. सकाळच्या उन्हात मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. लांबून घंटी ऐकू आली आणि सवयीनं मी शेजारच्या, म्हणजे सुंदरच्या, फाटकाकडं पाहिलं. गाडी नेहमी तिकडंच वळते. त्या दिवशी ती वळली नाही, सरळ माझ्या दारात येऊन थांबली. ती चालवणारी रेखा खाली उतरली आणि गाडीचं दार लावायचं सोडून तशीच उभी राहिली. "काकू..." एवढंच म्हणाली. आदल्या दुपारी तिनंच सुंदरला, छातीत दुखतंय म्हणून, पुसदच्या दवाखान्यात नेलं होतं. मी सोबत निघाले तर सुंदरनं मला हातानं मागं सारलं. "तू कायले येतं? संध्याकाळी येतोच मी." मागच्या सीटवर आडवी व्हायला तयार नव्हती, पुढंच बसली, आणि गाडी हलता हलता खिडकीतून ओरडली, "कमल, दूध उतू जाईन, गॅस बंद कर!" तिचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीचा शेवट जरा बऱ्या शब्दांवर व्हावा असं माणसाला वाटतं. पण खरं सांगते, मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि दूध वाचलं. हे तिला सांगायचं राहून गेलं.

माणूस गेलं की त्याला देव करून टाकायची आपल्याकडं भारी घाई असते. म्हणून आधीच सांगून ठेवते, सुंदर राठोड देवमाणूस वगैरे नव्हती. हट्टी होती. चहात साखर ओतायची आणि वर आमच्या चहाला "काढा" म्हणायची. माझी तिची ओळखच भांडणातून झाली. ती नर्स म्हणून फुलसावंगीला आली, आमच्या शेजारची जागा घेऊन तिनं घर बांधलं आणि कोंबड्या पाळल्या. त्या कोंबड्यांनी माझ्या वाळत घातलेल्या कुरड्यांचा फडशा पाडला. मी तणतणत गेले, तर ही बाई म्हणते, "कोंबड्याईले आवडल्या म्हंजे चांगल्या झाल्या असतीन. मलेही दे थोड्या." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी घरी आले आणि खरंच तिला कुरड्या पाठवल्या. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलं. मी कुणब्याची सून, ती तांड्यावरची लेक. नवरा लवकर गेलेला, विजय नावाचा एकच मुलगा, तो शिकून पुण्यात स्थिरावला. आमच्या भागातल्या तांड्यांवर तिला लहानथोर सगळे 'याडी' म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

तिच्या नोकरीचा निम्मा काळ वाट पाहण्यात गेला असं ती म्हणायची. तांड्यावर पायी जायचं, अडलेली बाई असली की तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग बसून राहायचं, कुठलं तरी वाहन येईपर्यंत. एक गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. नोकरी नवी होती. वरच्या तांड्यावरची एक तरुण पोर बाळंतपणात अडली. खाट रस्त्यावर आणली, पण त्या दिवशी ढाणकीचा बाजार होता आणि त्या टप्प्यात जी एकुलती एक जीप होती ती बाजाराला गेलेली. निंबाखाली बसल्या दोघी. सकाळची दुपार झाली. बाई वाचली, लेकरू वाचलं नाही. "दवाई होती, दवाखाना होता, सारं होतं कमल," ती म्हणाली, "दारात गाडी नोती." एवढं बोलून तिनं भाजीचं ताट माझ्याकडं सरकवलं आणि मिरच्या आणायला आत गेली... बराच वेळ बाहेर आली नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर तिनं जेव्हा गाडी घ्यायचं काढलं तेव्हा बाकीचं गाव हसलं, मी हसले नाही. म्हणजे हसले, पण तिच्यासमोर नाही. पुसदच्या एका ओळखीच्या माणसाची वापरलेली, बॅटरीवर चालणारी छोटी पांढरी गाडी तिनं घेतली. विजयनं फोनवर कपाळाला हात लावला असेल. "आई, ह्या वयात? आणि तीही जुनी? बॅटरी गेली की भंगार!" गावातल्या शहाण्यांनी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घेतलं. सुंदर रोज सकाळी शाळेच्या मैदानावर गाडी घेऊन गोल गोल फिरायची. मला म्हणाली, "ह्या गाडीले गेरच नाई. एक पाय चालवाचा, दुसरा घरी ठेवाचा." मी शेजारी बसायचे आणि दाराला घट्ट धरून मारुतीचं नाव घ्यायचे. लायसन मिळालं त्या दिवशी तिनं मला महागावला नेऊन आणलं, भजी खाऊ घातली आणि येताना एका म्हशीला वाट द्यायला इतका वेळ थांबली की म्हशीलाच कंटाळा आला असावा.

गाडीला आवाज नाही, ही शहरात कौतुकाची गोष्ट असेल. आमच्या रस्त्यावर ती आफत. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या बकऱ्या उठायच्या नाहीत, म्हातारे वळून पाहायचे नाहीत, आणि हॉर्न वाजवला की दोघंही दचकून नेमके गाडीसमोर यायचे. सुंदरनं त्यावर उपाय काढला. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. तांड्याच्या सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात एक पितळी घंटी असायची, तिच्या आवाजावर मागचे बैल चालायचे. ती घंटी सुंदरच्या देव्हाऱ्यात होती. ती तिनं चिंचेनं घासून लख्ख केली आणि तारेनं गाडीच्या पुढं बांधली. "आई, लोक हसतील," विजय म्हणाला. "हासू दे न. हासत हासत बाजूले तं होतीन?" आणि खरंच व्हायचे. काही दिवसांत अशी गत झाली की घंटी ऐकली की तांड्यावरची लेकरं धावत रस्त्यावर यायची आणि ज्यांच्या घरी कुणी आजारी असेल ते हात करायचे. घरी परत आली की भिंतीवरच्या प्लगात वायर खोचायची आणि भोवती जमलेल्या लेकरांना दटावायची, "हात लावू नोका, खाऊन राह्यली ते. तिले पोटभर खाऊ द्या."

त्या गाडीचं माझ्यावर जे ऋण आहे ते मी इथं लिहिणारच, ती असती तर लिहू दिलं नसतं. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पार लुळी. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नेमानं झाला तर माणूस उभा राहील, पण त्यासाठी पुसदला यावं लागेल, खाडा करून चालणार नाही. एसटीत त्यांना चढवणं शक्य नव्हतं. मी घरात येऊन ओट्यापाशी नुसती उभी होते. काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. सुंदर दारात गाडी लावून आत येऊन म्हणाली, "उठवा भाऊजीले. त्याईचा टाइम होऊन राह्यला." मी सांगितलंही नव्हतं. मग कितीतरी महिने ती आम्हाला नेत राहिली, आणत राहिली. आमचे हे म्हणजे जन्मात बाईनं हाकलेल्या बैलगाडीतसुद्धा न बसलेले. पहिले काही दिवस डोळे मिटूनच बसायचे. नंतर नंतर तिला रस्ता सांगायला लागले आणि ती त्यांना गप्प बसवायला लागली, तेव्हा मला कळलं की माणूस बरा होतोय. पैशाचं नाव काढलं की म्हणायची, "पेट्रोलच नाई लागत तं पैसे कायचे देतं? दाळ दे." डाळ दिली की शिजत नाही म्हणून तक्रार. आज आमचे हे काठी टेकत का होईना वावरात जाऊन येतात. रोज सकाळी त्यांची काठी वाजली की मला सुंदरची आठवण येते आणि मी मनातल्या मनात हात जोडते.

मग तिची दृष्टी गेली. म्हणजे एकदम नाही, काचबिंदू कडेकडेनं खात येतो. एक दिवस गाडी मागं घेताना तिनं माझ्या न्हाणीची भिंत पाडली. मी तोंड सोडायच्या तयारीनंच बाहेर आले, तर ती स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसलेली. "मले कडंचं दिसत नाई कमल," म्हणाली. "लय दिवसाची दिसत नाई. आज भिंत होती. उद्या कोनाचं पोट्टं असीन." तिथंच तिनं किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी त्या सीटवर बसली नाही. गाडी टिनाच्या सावलीत उभी राहिली. सुंदर रोज ती पुसायची, आठवड्यातून एकदा वायर लावून तिला "खाऊ" घालायची. वरच्या तांड्यावरचं कुणी आजारी पडलं की निरोप अजूनही तिच्याकडंच यायचा आणि तिला नाही म्हणावं लागायचं. ते नाही म्हणणं तिला जड जायचं. तिची भूक कमी झाली. मी पाहत होते.

विजयचं म्हणणं सरळ होतं. बॅटरीत जीव आहे तोवर गाडी देऊन टाक, नव्या गाडीच्या बदल्यात कुणीतरी घेईल. सुंदरनं दुसरंच ठरवलं होतं. महागावच्या बाजूला एक छोटी संस्था आहे, खेड्यापाड्यातल्या आजारी माणसांना दवाखान्यात फुकट नेते-आणते. त्यांच्याकडं एकच जुनी जीप होती आणि ती डिझेल प्यायची. गाडी त्यांना दान द्यायची, असं तिनं मला सांगितलं, मग विजयला सांगितलं. तो चिडला. "आई, दान धान्याचं करतात, कपड्यांचं करतात. वापरलेल्या गाडीचं कोण करतं?" फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकत होते. सुंदर म्हणाली, "मले जन्मभर ज्याची वाट पाहा लागली, मी तेच देतो." त्याचा राग मात्र गेला नाही. पुढं कितीतरी महिने त्याच्या फोनवर गाडीचा विषय निघाला की दोघंही हवापाण्यावर यायचे.

संस्थेच्या डॉक्टर मॅडम गाडी पाहायला आल्या. बाई प्रामाणिक. स्वतः चालवून पाहिली, बॅटरी जुनी आहे, फार लांबचा पल्ला झेपणार नाही, हेही बोलून दाखवलं, आणि घेतो म्हणाल्या. द्यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सुंदरनं गाडी पोळ्याच्या बैलासारखी धुतली. रात्रभर वायर लावून ठेवली, कारण उपाशी जनावर दारातून काढायचं नसतं. सकाळी हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. पुरणपोळ्या केल्या आणि संस्थेच्या सगळ्यांना बळेबळे वाढल्या. रेखाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, ढाणकीची, ड्रायव्हर म्हणून नवीनच लागलेली, घाबरून तूप नको म्हणत होती. घंटी काढू का, असं कुणीतरी विचारलं. "नाई, घंटी तिचीच," सुंदर म्हणाली. बोनेटवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली... मग गाडी गेली. घंटी वळणापर्यंत ऐकू येत होती. लेक सासरी गेल्यावर आईचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता आणि मला रडू आलं. ती नाही रडली. "न्हानीची भिंत बांधून देतो तुले," एवढं म्हणून आत गेली.

काही दिवसांनी रेखाचा फोन आला. गाडी संस्थेच्या आवारात बंद उभी होती. होतं तेवढं चार्जिंग संपलं, आता लावायला वायर कुठं आहे? त्यांनी सगळी गाडी शोधली. मी शेजारीच होते. सुंदर फोनवर काहीबाही बोलली, "पाहतो, पाहतो," म्हणाली आणि ठेवून दिला. मला तिचा चेहरा ओळखीचा होता. माझ्या कुरड्या खाल्ल्यानंतर तिच्या कोंबड्यांचा असाच चेहरा होता. मी काही न बोलता तिच्या मधल्या खोलीत गेले. भिंतीवरच्या खिळ्याला, तिच्या बापाच्या शेवटच्या बैलाचं दावं टांगलेलं होतं, त्याच्याच शेजारी गाडीची वायर होती. दाव्यासारखीच वेटोळी करून, दाव्यासारखीच गाठ मारून.

ज्यांच्या घरी गुरं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बैल विकला काय किंवा कुणाला दिला काय, त्याला बांधायची दोरी, म्हणजे दावं, सोबत द्यायचं नसतं. ते आपल्या घरात ठेवायचं. रिकामं दावं घरात असलं की त्याच्या ओढीनं पुन्हा जनावर येतं, घरची बरकत जात नाही. ही रीत आमच्यातही आहे, त्यांच्यातही. सुंदरनं आयुष्यभर लोकांना लशी टोचल्या, भोंदूबाबांना तांड्याबाहेर काढलं, आणि गाडी दान देताना मात्र तिचं दावं काढून घेतलं! मी खाली बसून हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. ती दारात येऊन उभी राहिली, आधी ओशाळली आणि मग भडकली.

"हास. हास तू. दावं देल्लं तं मंग या दारात पुन्हा काई येत नाई. मले माहीत हाय."

"अवं पन वायर म्हंजे दावं होय का सुंदर?" मी म्हटलं. "वायर म्हंजे तिचं तोंड होय! तोंड तू काढून घेतलं, आता ते खाईन कशी? उपाशी मारतं का तिले?"

माझं हसू आवरलं, कारण तिचे डोळे भरले होते. दारात गाडी नसण्याची भीती त्या बाईच्या मनात किती खोल बसली होती, ते मला त्या दिवशी कळलं. इतरांच्या दारात गाडी उभी राहावी म्हणून तिनं ती दिली होती, आणि आपलं दार कायमचं रिकामं होईल म्हणून आतून धास्तावलेली होती. दोन्ही खरं होतं. माणसाचं असंच असतं, मीही काही वेगळी नाही.

दुसऱ्या दिवशी रेखा एसटीनं आली. जीप गावोगाव फिरून दमली आहे, डायलिसिसला, म्हणजे रक्त शुद्ध करायला पुसदला जाणारी माणसं ताटकळली आहेत, असं तिनं येताच सांगितलं. सुंदर उठली. वायर खिळ्यावरून काढली, गाठ सोडली, नव्या खणात गुंडाळली, वर हळदकुंकू वाहिलं आणि ओटी भरावी तशी रेखाच्या पदरात घातली. रेखाला काही कळेना, तिनं आपला वाकून नमस्कार केला. चहा पिता पिता रेखा सहज बोलून गेली, "मावशी, गाडी चांगली हाय, पन पल्ला पुरत नाई. महागावहून इथं याचं, इथून पेशंट घेऊन पुसदले जाचं, परत इथं याचं, इथवर येते. पुढं महागावले जाऊन राह्यली की वाटंतच थांबन. मधात कुठं लावाले जागाच नाई." सुंदरनं कप खाली ठेवला. बाहेर गेली, टिनाच्या छपराखाली भिंतीवर गाडीसाठी बसवून घेतलेल्या त्या प्लगाकडं पाहत उभी राहिली, आणि तिथूनच ओरडली, "अवं पोरी, जागा नाई काहून म्हनतं? खुंटा तं हा काय!" मग माझ्याकडं वळून, जणू सगळा वाद तिनंच जिंकला अशा थाटात म्हणाली, "दावं राहू दे त्याईच्याजवळ. खुंटा माह्याजवळ हाय. बैल कुठीही गेला तरी खुंट्यावरच येते, कमल."

आणि ते अक्षरशः तसंच झालं. गाडी तिच्या दारातून गेली आणि पूर्वीपेक्षा जास्त दारात यायला लागली. सकाळी वरच्या तांड्यांवरची आजारी माणसं सुंदरच्या ओट्यावर येऊन बसत, गाडी तिथून त्यांना उचलायची. दुपारी परत आणून सोडायची, नातेवाईक घ्यायला येईपर्यंत माणसं ओट्यावर टेकत आणि गाडी भिंतीला लागून खात उभी राहायची. सुंदर प्रत्येकाला पाणी द्यायची, गोड चहा द्यायची, औषध वेळेवर न घेणाऱ्याला झापायची. तिला चेहरे नीट दिसत नव्हते, आवाजावर ओळखायची. भूक परत आली, माझ्या भाज्यांना नावं ठेवणं परत सुरू झालं. वाट पाहणं ही जी तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती, तीच वाट आता तिच्या ओट्यावर बसून माणसं पाहायची. तिथं सावली होती, चहा होता, आणि मुख्य म्हणजे गाडी येणार हे नक्की होतं. मी एकदा म्हटलं, दान तू दिलं की त्यांनी तुला? "दान कायचं," म्हणाली, "शेजारधरम म्हन." आणि शेवटी तिच्या छातीत कळ आली तेव्हा दुपारची वेळ होती. गाडी भिंतीला लागलेली होती. तिला दारात कुणाची वाट पाहावी लागली नाही. दवाखान्यात पोचली, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पुण्याहून निघालेला विजयही वेळेत पोचला, आईशी बोलला. आयुष्य संपलं होतं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण ती वाहनावाचून गेली नाही. हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज बरं वाटतं.

दिवसकार्य झालं. विजय घर आवरायला थांबला होता. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर तो छपराखाली उभा होता. "काकू," म्हणाला, "परवा निघतो. घराला कुलूप लावतो आणि वीज तोडायचा अर्ज देऊन जातो. रिकाम्या घरात कशाला चालू ठेवायची?" त्याचं चूक नव्हतं, पोराचा आवाज थकलेला होता. पण मला पुढचं दिसत होतं. हे कनेक्शन तुटलं की खुंटा उपटला, गाडीचा पल्ला संपला, वरच्या तांड्यांची माणसं पुन्हा निंबाखाली. हे त्याला कसं सांगावं? माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, त्या वेळी मात्र एवढंच सुचलं. मी म्हटलं, "विजय, जेवून घे आधी." आणि तेवढ्यात रस्त्यावर घंटी वाजली.

गाडी फाटकातून आत आली. रेखानं विजयला पाहिलं आणि घुटमळली, वायर हातात घेऊन तशीच उभी राहिली. मागच्या दारातून एक म्हातारी उतरली, हाताला पट्टी, पुसदहून रक्त शुद्ध करून आलेली, पार गळून गेलेली. ती सवयीनं ओट्यावर जाऊन खांबाला टेकली आणि डोळे मिटूनच म्हणाली, "पानी दे वं याडी." तिला ठाऊक होतं की याडी गेली. तिसऱ्या दिवशी ती येऊन रडून गेलेली होती. पण ओट्यावर टेकलं की तोंडातून तेच निघत असणार... विजय आत गेला. मला वाटलं, रडायला गेला. तो तांब्या भरून घेऊन आला. म्हातारीच्या हाताला तांब्या पेलवेना, तर त्यानं तो तिच्या तोंडाशी धरला आणि ती पिऊन होईपर्यंत तसाच वाकून उभा राहिला. मग रेखाकडं गेला, तिच्या हातातली वायर घेतली आणि विचारलं, "हे कुठं लावतात?" पुण्याच्या पोराच्या तोंडून आईची बोली मी किती वर्षांनी ऐकली. म्हणाला, "मले दाखव. मी लावतो."

अर्ज त्यानं दिला नाही. जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काकू, खुंटा तुमच्या हवाली." त्याला हा शब्द आईनं सांगितला होता की रेखानं, मी विचारलं नाही. मधल्या खोलीतला तो खिळा तसाच आहे. बैलाचं दावं विजय सोबत घेऊन गेला, त्यामुळं आता त्यावर काही नाही. मी खोली झाडते, खिळ्यावरची धूळ पदरानं पुसते आणि बाहेर येऊन बसते.

काल दुपारी मी कापूस निवडत होते. घंटी ऐकली, काम टाकून उठले, सुंदरचं फाटक उघडलं. ओट्यावर चहा दिला, साखर जरा जास्तच पडली. रेखाला उशीर होत होता, अर्ध्यावरच वायर काढायला निघाली, तसा मी तिचा हात धरला. म्हटलं, बस जरा पोरी, तिला पोटभर खाऊ दे.